विटलेली खिचडी

मे 2020, कोरोनाच्या लॉकडाउनचे दिवस. आमचा धंदा लग्नाच्या पंगतींचा. अक्षय्य तृतीयेच्या तिन्ही ऑर्डरी रद्द झाल्या, घेतलेला विसार परत केला, पातेली उपडी पडली. इकडे शहापूरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं चालतच होती. कुणी भिवंडीच्या यंत्रमागांवरचे, कुणी बांधकामावरचे. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. कसारा घाट चढून नाशिक, मग पुढे थेट उत्तर प्रदेश. गावातल्या पोरांनी वर्गणी काढली, आम्ही शेगड्या पेटवल्या.

त्या दिवशी 400 पाकिटं खिचडी होती. 35 किलो तांदूळ, 15 किलो मूगडाळ, वर बटाटा. पोरांना निघायची घाई, मीही हो म्हणालो आणि वाफ जिरायच्या आत गरमच पिशव्यांत भरून गाठी मारल्या. पंगतीत भात पानात पडला की दहा मिनिटांत पोटात जातो. पिशवीतला भात उन्हात माणसाबरोबर चालतो, हे इतक्या वर्षांच्या आचाऱ्याला सुचलं नाही!

दुपारी टेम्पो घेऊन कसाऱ्याकडे गेलो, तर रस्त्याच्या कडेला आमचीच पाकिटं पडलेली. झाडाखाली एक म्हातारी बसली होती. पोरांसाठी राखलेलं पाकीट तिने उघडलं, वास घेतला आणि पुन्हा गाठ मारली. फेकलं मात्र नाही. मला म्हणाली, "भैया, आटा है क्या? और थोड़ा नमक." खरं सांगतो, आधी रागच आला. फुकट देतोय आणि वर मागणी! मग कळलं, दिवसा रस्त्यावर कुणी ना कुणी देतं. रात्री घाटात कोण देणार?

आठवडाभरापूर्वीच, 8 मेला, औरंगाबादकडच्या करमाडजवळ मालगाडीखाली असेच गावी चालत निघालेले 16 मजूर गेले होते. रुळांवर पडलेल्या त्यांच्या चपात्यांचा फोटो मीही पाहिला होता. ही माणसं वाटेसाठी जवळ काय बाळगतात, ते त्यात स्पष्ट दिसत होतं. आणि मी तांदूळ धूत बसलो होतो.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "वाटेला भात कोण देतं रे? दशम्या देतात."

हॉटेलं बंद, त्यामुळे दुधाचा भाव पडलेला. दुधात कणीक भिजवली, पाण्याचा थेंब नाही. कडक मोहन घालून तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळाचा खडा. लाटायला हात लागतात, त्यामुळे पाकिटं 400 वरून 250 वर आली. वर्गणीवाल्यांपैकी एकजण कुरकुरला: आकडा कमी दिसतो, शिवाय वाफाळत्या खिचडीचा फोटो छान येतो. त्याला म्हटलं, ये लाटायला. आला नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत दशम्यांच्या जोडीला कणकेच्या किलोकिलोच्या पुड्या आणि मीठही टाकलं. म्हातारी काही दिसली नाही, घाट चढून गेली असणार. पण दशम्यांच्या आधी कणीक संपली.