तुम्ही विचारलंत म्हणून: घरात फौजी असताना युद्धाच्या गोष्टी कशाला?

"मॅडम, तुमचे वडील १९७१च्या लढाईत होते. मग लढाई कळायला अमेरिकन गोष्टी कशाला वाचता?" साताऱ्यात कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. यंदा विचारणारी मुलगी अपशिंगे मिलिटरीची होती. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं गाव. तिला वरवरचं उत्तर देणं बरं वाटेना.

आबांना मी विचारलं नव्हतं असं नाही. पण ते सांगायचे ती फक्त वजनं. रायफल चार-साडेचार किलो. बूट भिजले की दीडपट. आल्याचं पोतं उचलताना हातानं तोलून म्हणायचे, "ह्यात तीन एलएमजी (हलक्या मशीनगन) भरतील." बास. हे काय सांगणं झालं, असं मला वाटायचं.

मग टिम ओब्रायनचं 'द थिंग्ज दे कॅरीड' वाचलं. १९९०चं पुस्तक, लेखक स्वतः व्हिएतनाममध्ये सैनिक होता. पहिल्याच कथेत वजनंच वजनं. हेल्मेट ५ पौंड, वायरलेस सेट २६, लेफ्टनंट क्रॉसनं जपलेली एका मुलीची पत्रं १० औंस. मला थेट आबांचा आवाज ऐकू आला. त्यात लव्हेंडर नावाचा एक घाबरट पोरगा आहे. तो इतरांपेक्षा जास्त काडतुसं घेऊन चालतो. लेखक त्याच्या ओझ्यात भीतीसुद्धा धरतो, पण तिचं वजन देत नाही. बाकी सगळं औंसापर्यंत मोजलेलं, म्हणून ती न मोजलेली भीती छातीवर बसते. आबाही तेच करत होते. मीच नुसते आकडे ऐकत होते.

आणि त्यातला तो पाँचो, म्हणजे सैनिकाचा पावसाळी अंगरखा. जेमतेम दोन पौंडांचा. पावसात पांघरायचा, रात्री अंथरायचा. लव्हेंडरला गोळी लागते तेव्हा त्याला त्याच्याच पाँचोत गुंडाळतात आणि भातखाचरातून हेलिकॉप्टरपर्यंत नेतात.

तिथं मी पुस्तक मिटलं. आबांच्या काळ्या ट्रंकेत एक ग्राउंडशीट होती, फौजेतली, तशीच अंथरायची-पांघरायची, नीट घडी घातलेली. पावसाळ्यात शेतावर जाताना ते डोक्यावर पोत्याची खोळ घ्यायचे आणि चिंब होऊन परतायचे. आई म्हणायची, "ती ट्रंकेतली घ्या की." त्यांनी कधी घेतली नाही.

त्या रविवारी गावी जाऊन मी ते पान आबांना मराठीत सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरगा कुठल्या गावचा?"

"आबा, गोष्टीतला आहे तो. अमेरिकन."

"असू दे. गाव असंलच की त्याला."

आणि त्यांनी एका गावाचं नाव घेतलं, खटावकडच्या. त्या गावावरून जाणारी एसटी आबा नेहमी सोडून द्यायचे आणि लांबच्या रस्त्यानं जायचे, हे मला तेव्हा आठवलं.