बार्शी लाईट टेबलावर : आमची वाटचाल

आम्ही जुन्या रेल्वेची हुबेहूब छोटी मॉडेलं बनवून विकतो. मॉडेल रेल्वेवाले बहुतेक सगळे ब्रॉडगेजच्या मागे, त्यात पुन्हा डब्ल्यूपी हे वाफेचं इंजिनच पाहिजे, बुलेट नोजवालं. आता ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांत १६७६ मिमी, १:८७ ला, म्हणजे ८७ पट लहान केल्यावर, ती येते १९.२६ मिमी, आणि चालवतात सगळे साडेसोळा मिमीच्या ट्रॅकवर, कारण दुकानात तोच मिळतो. इंजिन रुळावर बसल्यासारखं दिसतच नाही, चवड्यावर उभं राहिल्यासारखं दिसतं. आम्ही पहिल्यापासून ७६२ मिमीची नॅरोगेज धरली, कुर्डुवाडी-बार्शीकडची जुनी बार्शी लाईट रेल्वे. भागा ८७ ने, ८.७६ येतात, आणि एन स्केलचा, म्हणजे आणखी लहान मॉडेलांचा, ट्रॅक ९ चा. फरक पाव मिलीमीटर. तो कुणाला दिसत नाही, आणि गाडी जशी होती तशी दिसते. लोक म्हणायचे बार्शी लाईट कोण घेणार, कुर्डुवाडीच्या बाहेर कुणाला माहिती आहे. अहो, एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं १८९७ ला ही लाईन सुरू केली ती नॅरोगेज कशी असावी हे जगाला दाखवायला, पुढं ती १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेला पोचली. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांनी तरी असं विचारू नये.

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि सराफ गल्लीतला माझा मित्र. त्याचं घराणंच डाग देण्यातलं, सवागी (टाकणखार) लावून फुंकणीनं केसाएवढ्या तारेला डाग देणारा माणूस, त्याला इंजिनाचा पाइप म्हणजे काहीच नाही. पहिलं मॉडेल आम्ही बार्शी लाईटच्या ए क्लासचं करायला घेतलं, लीड्सच्या किटसननं बनवलेलं ०-८-४ टँक इंजिन, म्हणजे आठ मोठी चालती चाकं, मागं चार लहान, आणि पाण्याची टाकी इंजिनावरच. ज्यांनी चेसिस, म्हणजे चाकांचा सांगाडा, बांधलंय त्यांना कळेल काय घेतलं ते. चार जोड्या चाकं एकाच साइड रॉडला, आणि डाव्या-उजव्या बाजूचे क्रँक बरोबर ९० अंशावर, एक चाक जरा सरकलं की इंजिन लंगडतं. हे ९० अंश धरून चाकं बसवायचा साचा, क्वार्टरिंग जिग, बाहेरून घ्यायला महाग पडत होता म्हणून मित्रानं पितळेचा जिग स्वतः कापला, सोनारी करवतीनं, आणि तोच आजही वापरतो आम्ही. फ्रेम जर्मन सिल्व्हरच्या पत्र्याची, निडल कानशीनं घासून, मोटर कोरलेस, आणि गिअर असा की इंजिन मुंगीसारखं नाही तर खऱ्या नॅरोगेजसारखं हलावं. ताशी ३० किलोमीटर म्हणजे १:८७ ला सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर. दोन मीटरच्या टेबलाला वीस सेकंद लागले पाहिजेत. पाच सेकंदात गाडी पलीकडं गेली तर ते खेळणं झालं.

आमचा पहिला ग्राहक म्हणजे काका. नॅरोगेजवर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. त्यांनी पहिलं इंजिन परत पाठवलं. का, तर बंकरमधला, म्हणजे इंजिनामागच्या पेटीतला, कोळसा मोठा आहे म्हणे, एवढा ढेकूळ फावड्यावर कोण घेईल. मग स्वतःच खरा कोळसा कुटून, चहाच्या गाळणीनं चाळून घेऊन आले. दुसऱ्यांदा बघितल्यावर म्हणाले, "अरे, हे इंजिन काळं केलंस, पण आपल्याकडचं पाणी जड, गळती होते तिथं पांढरे ओघळ पाहिजेत, वॉशआउट प्लगखाली आणि इंजेक्टरखाली." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक इंजिनावर क्षाराचे ओघळ असतात, आणि नुसता काळा रंग कधीच नसतो, खाली तेलकट तपकिरी, धुराड्याजवळ राखाडी, कॅबच्या दांड्यावर हात लागून लागून निघालेला रंग. इंजिनात आम्ही वाफेचा आवाज भरतो, तोही त्यांनीच तपासला. डोळे मिटून ऐकायचे, चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके, दोन सिलिंडरचं इंजिन आहे ना, आणि चाक लहान म्हणून हळू गाडीतही ठोके भराभर. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेच्या एक्स क्लास इंजिनाचा आवाज बार्शीच्या इंजिनात टाकणारे आहेत लोक, ते चार सिलिंडरचं कंपाउंड इंजिन, त्याचा आवाज इथं कसा चालेल?

मधली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं नाही.

मग एका हायवेवरच्या मोठ्या हॉटेलनं लॉबीसाठी लेआउट सांगितला. पूर्ण स्टेशन, वॉटर कॉलम, लोकोशेड, राखेचा खड्डा, लोखंडी हात वरखाली होणारे जुने सिग्नल. आम्ही लेझर कटर कर्जावर घेतला, दोन पोरं कामाला ठेवली, बाभळी करायला आमच्या हिनं तुळशीच्या वाळलेल्या काड्या महिनोन्महिने जमवल्या. काम अर्ध्याच्या पुढं गेलं आणि तिकडं मॅनेजमेंट बदललं, नवीन माणूस म्हणतो आम्हाला इथं फिश टँक पाहिजे. ॲडव्हान्सच्या वरचा एक रुपया दिला नाही. लेखी होतं सगळं, तरी नाही. आणि त्याच वेळी बाजारात दुसऱ्या एका माणसाचं बार्शी ए क्लास आलं, आमच्या निम्म्या भावात. घेऊन बघितलं, तर आमच्याच बॉडीवर सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिन ओतलेलं. पुरावा काय? कॅबच्या फरशीखाली माझा मित्र तीन टिंबं मारतो, बाहेरून दिसत नाहीत, ती तीन टिंबं त्याच्या मालावर जशीच्या तशी. साच्यात रेझिन आकसतं म्हणून त्याचं इंजिन आमच्यापेक्षा किंचित लहान, चेसिसवर नीट बसायचंसुद्धा नाही, तरी लोकांनी घेतलं. आमच्याच जुन्या ग्राहकांनी घेतलं. एका प्रदर्शनात त्याचा स्टॉल आमच्या समोर, आणि लोक तिथून माल घेऊन आमच्याकडं यायचे, याला जरा वेदरिंग, म्हणजे ते ओघळ, काजळी, वापरल्यासारखा रंग, करून द्याल का विचारायला. हे अजून डोक्यातनं जात नाही आणि जाणारही नाही.

तेव्हा बँकेचा हप्ता थकला होता, मित्र रात्री परत सराफाकडं कामाला जायला लागला. काकांनी पेन्शनमधनं पुढच्या दोन डब्यांचे पूर्ण पैसे आधीच दिले, पावतीसुद्धा मागितली नाही. पण खरं आम्हाला त्या स्टॉलवरच्या प्रश्नानंच बाहेर काढलं. इंजिनाची बॉडी कुणीही ओतेल. ओघळ, काजळी, ठोके, वेग हे ओतता येत नाही. मग आम्ही नुसती इंजिनं विकणं बंद केलं आणि चार फुटांचे तयार लोकोशेड विकायला लागलो, एक इंजिन, एक पाण्याचा खांब, एक सिग्नल, बस. फ्लॅटमध्ये मावतं. हॉटेलसाठी केलेलं सामानही त्यातच खपलं.

आता नवीन लोकांना सांगतो. इंजिनातून खोटा धूर काढणारं स्मोक युनिट घेऊ नका. धूर स्केलमध्ये लहान होत नाही, आणि त्याचं तेल रुळावर बसलं की करंट तुटतो, पावसाळ्यात तर बघायलाच नको. ते पैसे चांगल्या साउंड डीकोडरला, म्हणजे आवाज काढणाऱ्या सर्किटला, घाला आणि एक मोठा स्पीकर टेबलाखाली लावा. ट्रॅक दर आठवड्याला आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. बॅलास्ट, म्हणजे रुळाखालची खडी, विकत कशाला, आपला मुरूम चाळून घ्या. वॉटर कॉलमखाली ओल दाखवा, कोरडा वॉटर कॉलम कुणी बघितलाय? सिग्नलला हिरवा एलईडी लावू नका. खऱ्या दिव्यात केरोसिनची पिवळी ज्योत असायची आणि पुढं निळसर काच, म्हणून हिरवा दिसायचा, तेव्हा पिवळसर पांढरा (वॉर्म व्हाइट) एलईडी आणि निळसर फिल्म. आणि खोलीतला पांढरा ट्यूबलाइट बंद करा, निम्मं वातावरण तिथंच मरतं.

सध्या विदर्भातल्या मूर्तिजापूरच्या शकुंतला या नॅरोगेज गाडीचं झेडडी क्लास इंजिन करायला घेतलंय, १९२१ ला मँचेस्टरला बनलेलं, १९९४ पर्यंत वाफेवर चाललेलं, विदर्भातनं विचारणा खूप आहे. बुकिंग चालू आहे. काका आता पंचाऐंशीच्या पुढं गेलेत, पण पहिला नमुना त्यांच्याच कानाखालून जाणार, ते हो म्हणेपर्यंत डिलिव्हरी नाही. वेदरिंगचे पैसे वेगळे पडतील, त्यात घासाघीस करू नये, आणि दुसरीकडनं घेतलेल्या मालावर आम्ही वेदरिंग करत नाही.