तुम्ही विचारलंत म्हणून: टी-रेक्स की जायगॅनोटोसॉरस?

"बाई, टी-रेक्स आणि जायगॅनोटोसॉरसची लागली तर कोण जिंकंल ओ?"

मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते आणि जीवाश्मांवर बोलायला आसपासच्या गावांतल्या शाळांतही जाते. या दोन अजस्र शिकारी डायनासोरांबद्दलचा हा प्रश्न पाचवीतली मुलं विचारतात, गड्ड्याच्या जत्रेत पोराला रबरी डायनासोर घेऊन दिलेले वडील विचारतात, स्टाफरूममध्ये चहा पिताना सहकारीही विचारतात. काहींना तो पोरकट वाटतो. मला वाटत नाही. या एका प्रश्नात दात, हाडं, वजन, काळ, भूगोल सगळं येतं, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

तर आधी निकाल. दोघंही पूर्ण वाढलेले, जागा मोकळी, समोरासमोर गाठ: माझं मत टी-रेक्सला.

लांबीत दोघांत फारसा फरक नाही. 1990 मध्ये अमेरिकेत साउथ डकोटात सापडलेली 'सू' ही टी-रेक्स आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. ती नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत बारा मीटरहून थोडी जास्त भरते. जायगॅनोटोसॉरस 1993 मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात सापडला. 1995 मध्ये त्याच्यावरचा शोधनिबंध आला आणि टी-रेक्सपेक्षाही मोठा शिकारी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मुलांच्या मनातली ही झुंज तिथूनच सुरू झाली. पण लांबी सारखी असली तरी बांधा सारखा नव्हता. टी-रेक्सची छाती रुंद, मान जाड आणि कवटी मागच्या बाजूला चांगलीच पसरलेली. जबडा मिटवणारे स्नायू त्याच पसरट भागात बसायचे. 2012 मध्ये झालेल्या एका संगणकीय अभ्यासानुसार त्याच्या एका मागच्या दातावर 35 ते 57 हजार न्यूटन इतका जोर येत असावा. म्हणजे एकाच दातावर साधारण साडेतीन ते पावणेसहा टनांचा भार.

वर्गात मी दोघांच्या दातांच्या प्रतिकृती मुलांच्या हातात देते आणि डोळे मिटायला सांगते. टी-रेक्सचा दात केळ्यासारखा जाड लागतो, मूठ त्याच्याभोवती भरते. जायगॅनोटोसॉरसचा दात दोन बोटांत धरावा लागतो, इतका चपटा. कडेवरून अंगठा फिरवला की बारीक दाते लागतात. कुठला दात कशासाठी, हे मग मला सांगावं लागत नाही. चपटा दात मांस कापायचा, लांबलचक जखम करायचा. पॅटागोनियातल्या लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनासोरांसाठी तेच योग्य होतं: चावा घ्यायचा, मागं सरायचं, रक्त जाऊ द्यायचं. टी-रेक्सचा दात हाड फोडायचा. कॅनडातल्या सॅस्कॅचवानमध्ये सापडलेल्या त्याच्या विष्ठेच्या जीवाश्मावर 1998 मध्ये निबंध आला. तो तुकडा 44 सेंटिमीटर लांब आणि आत हाडांचा चुरा खच्चून भरलेला.

आता या दोघांना एकमेकांसमोर उभं करा. जायगॅनोटोसॉरसच्या चाव्यानं समोरचा रक्त जाऊन मरेल, पण त्याला वेळ लागेल. टी-रेक्सच्या चाव्यात मान किंवा पाय सापडला तर हाडच मोडेल, आणि पाय मोडलेलं सात-आठ टनांचं दोन पायांवर चालणारं जनावर पुन्हा उभं राहत नाही. म्हणून मी टी-रेक्स म्हणते. मात्र जायगॅनोटोसॉरसनं पहिला चावा घेऊन अंतर राखलं, तर गोष्ट लांबेल.

अर्थात ही गाठ पडणंच शक्य नव्हतं. जायगॅनोटोसॉरस साधारण 9 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा आणि दक्षिण अमेरिकेतला. टी-रेक्स उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, 6 कोटी 80 लाख ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. मध्ये तीन कोटी वर्षं. ॲलोसॉरस या त्याहून जुन्या शिकारी डायनासोरची तर बातच सोडा. तो आणि टी-रेक्स यांच्यात आठ कोटी वर्षांचं अंतर आहे, म्हणजे ॲलोसॉरसपेक्षा आपण टी-रेक्सला काळानं जवळचे. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार आवडते.

खरी गाठ पडू शकली असती ती उत्तर आफ्रिकेत. स्पायनोसॉरस आणि कार्कारोडॉन्टोसॉरस, दोघंही अवाढव्य शिकारी डायनासोर, एकाच काळातले, एकाच प्रदेशातले. पण स्पायनोसॉरसचे दात मासे धरायचे, निमुळते. 2020 मध्ये त्याची वल्ह्यासारखी शेपूटही जगासमोर आली. एकाचं पोट नदीवर, दुसऱ्याचं जमिनीवर. कोरड्या काठावर जुंपलीच असती तर मी कार्कारोडॉन्टोसॉरसच्या बाजूनं उभी राहिले असते.

आणि शिकारी जनावरं अशी जीव खाऊन लढतातच कुठं? नान्नजच्या माळावर संध्याकाळी मेलेल्या शेळीपाशी एक लांडगा आणि तीन गावकुत्री आमनेसामने आलेली मी पाहिली आहेत. दात दिसले, मानेवरचे केस उभे राहिले, लांडग्यानं डोकं खाली घालून दोन पावलं पुढं टाकली, कुत्री बाजूला झाली. कोणी कोणाला शिवलंही नाही. लांडग्याचा पाय दुखावला तर उद्या त्याला हरणामागं पळता येणार नाही. ही जोखीम तो शेळीसाठी घेत नाही. मोठ्या डायनासोरांचा हिशेब यापेक्षा वेगळा असण्याचं कारण मला दिसत नाही.

तरी मारामाऱ्या झाल्या आणि त्या हाडांवर उमटल्याही. टायरॅनोसॉर कुळातल्या, म्हणजे टी-रेक्सच्याच कुळातल्या, 'जेन' नावाच्या सांगाड्याच्या नाकाडावर चाव्याची भोकं आहेत, भरून आलेली. तिच्याच अंगलटीच्या, तिच्यासारख्याच दुसऱ्या जनावरानं तिचं तोंड जबड्यात धरलं होतं. या कुळातल्या लहान पिल्लांच्या तोंडावर अशा खुणा दिसत नाहीत, अंगानं भरू लागलेल्यांत दिसू लागतात आणि मोठ्यांत सर्रास सापडतात. म्हणजे हे भांडण परक्याशी नव्हतं, आपल्यातल्याच कोणाशी होतं, बहुधा जागेवरून, जोडीदारावरून किंवा मानावरून. आणि जखमा भरल्या आहेत, म्हणजे चावा बसलेलं जनावर नंतरही जगलं. मला या खुणा कुठल्याही काल्पनिक झुंजीपेक्षा जास्त थरारक वाटतात. प्रत्येक भोक मात्र चाव्याचं नसतं. सूच्या खालच्या जबड्यातली भोकं आधी चाव्यांची मानली गेली होती. पुढं ती एखाद्या संसर्गाची असावीत असं म्हटलं गेलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. भक्ष्यही गप्प बसत नव्हतं. ॲलोसॉरसच्या शेपटीच्या एका मणक्याला असलेल्या भोकात स्टेगोसॉरसच्या शेपटीचा काटा बरोबर बसतो.

"मग आपल्याकडं कोण होतं ओ?" हा पुढचा प्रश्न ठरलेला, आणि मी त्याचीच वाट बघत असते. सोलापुरात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो. तो पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आगेमागचा. त्या काळात गुजरातेत राजासॉरस फिरत होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहिओलीला 1982 ते 1984 या काळात त्याची हाडं गोळा केली, आणि 2003 मध्ये त्याला नाव मिळालं. आखूड तोंडाचा, कपाळावर बुटकं शिंग असलेला, दणकट पायांचा. त्याच रहिओलीतून 2010 मध्ये आणखी एक शिकारी जाहीर झाला, रहिओलीसॉरस. त्याच कुळातला, पण अंगानं सडसडीत.

म्हणजे जायगॅनोटोसॉरसला टी-रेक्ससमोर आणायला तीन कोटी वर्षं आणि एक समुद्र ओलांडावा लागतो. आपल्या या दोघांची हाडं मात्र एकाच गावात निघाली. बालासिनोरजवळ रहिओलीला 2019 पासून डायनासोर संग्रहालय आहे. गुजरातेत गेलात तर मुलांना तिथं जरूर न्या. आणि या दोघांची लागली असती तर? लांबीचे अंदाज अजून बदलताहेत, पण दोघंही टी-रेक्सच्या निम्म्याहून थोडे मोठे एवढं धरून चाला. सडसडीत असल्यानं रहिओलीसॉरसला निसटायला सोपं. पण पाय रोवून, तोंडाला तोंड लावून झुंज लागली, तर मी राजासॉरसवर पैज लावेन.