काउंटेसची पावती कुठून आणायची? – माझा अनुभव

नवऱ्याच्या मावशी गेल्या. मृत्युपत्राची एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे सगळं मार्गी लावणारी, मी, त्यामुळे इंग्लंडमधलं त्यांचं घर रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. जिन्यात एका काउंटेसचं, म्हणजे उमराव घराण्यातल्या बाईंचं, मोठं तैलचित्र होतं, ते विकायचं ठरलं. पन्नास बाय चाळीस इंचांचा कॅनव्हास, पावडर लावून उंच चढवलेले केस, म्हणजे १७७०च्या दशकातली फॅशन. घरातले सगळे त्याला 'रेनॉल्ड्स' म्हणत, म्हणजे अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध इंग्रज चित्रकाराचं. जोशुआ रेनॉल्ड्सकडे चित्रासाठी कोण कधी बसलं याच्या वह्या लंडनच्या रॉयल अकॅडमीत आहेत. त्यांत या बाईंचं नाव मिळालं नाही. लिलावगृहाने कॅटलॉगमध्ये 'रेनॉल्ड्सच्या वर्तुळातला चित्रकार' (म्हणजे तो स्वतः नव्हे, त्याच्या प्रभावाखालचा कुणी) असं लिहिलं, ते मला मान्य होतं.

गाडी अडली ती त्याच लिलावगृहाच्या कागदपत्रं तपासणाऱ्या विभागात. २०२०च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये दहा हजार युरो आणि त्यावरच्या कलाव्यवहारांना काळ्या पैशाविरुद्धचे नियम लागू आहेत. नियम चांगलाच आहे. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, प्रोबेट (मृत्युपत्राला मिळालेली कोर्टाची मान्यता), सगळं दिलं. तरी मेल आला, 'चित्र मावशींच्या मालकीचं असल्याचा पुरावा, शक्यतो खरेदीची पावती.'

मी फोन केला. म्हटलं, "अहो, हे त्यांना वडिलांकडून आलंय. पावती कुठून आणू?"

"मग वडिलांची पावती द्या."

दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी कथा सांगायची. प्रोबेटच्या यादीत 'एक व्यक्तिचित्र, जिना' असं होतं, तर म्हणे हेच ते चित्र कशावरून? दिवाणखान्यातल्या जुन्या लग्नाच्या फोटोत मागे ही काउंटेस स्पष्ट दिसत होती, तो फोटो पाठवला. उत्तरच नाही. दरम्यान ज्या लिलावात हे चित्र यायचं होतं तो होऊन गेला. ज्या लोकांचा धंदाच जुन्या वस्तूंचा, त्यांना वारशाने आलेल्या जुन्या वस्तूला बिल नसतं हे मी समजावून सांगायचं? आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी तिढा सुटला तो चित्राच्या पाठीमुळे. मी आधीच पाठीचे फोटो काढून ठेवले होते. कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीवर स्टेन्सिलने छापलेले काळे अंक होते, शेजारी अर्धवट फाटलेलं तपकिरी लेबल. असे अंक क्रिस्टीज या लिलावगृहाच्या जुन्या लिलावांचे असतात आणि त्यांच्या अर्काइव्हकडे, म्हणजे जुन्या नोंदींच्या विभागाकडे, विचारता येतं. विचारलं, तर कोणत्या विक्रीत, कितव्या नंबरला, किती रकमेला हे चित्र गेलं ते कळलं. मावशींच्या वडिलांच्या हिशेबाच्या वहीत त्याच महिन्यात तीच रक्कम, पुढे 'जिन्यासाठी'. दोन्ही कागद जोडून पाठवले आणि प्रकरण मिटलं. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना ती वही दाखवत फिरले!

म्हणून सांगते, सासरकडून किंवा कुठूनही असं चित्र वाट्याला आलं तर आधी भिंतीवरून उतरवून पाठ बघा. लेबलं सोडवू नका, चौकट पुसू नका. विम्याची जुनी व्हॅल्युएशन्स, पत्रं, घराचे फोटो, काही टाकू नका.

घेणारा अमेरिकेतला निघाला, म्हणून निर्यात परवाना लागला. पन्नास वर्षांहून जुन्या इतर तैलचित्रांना १,८०,००० पौंड किमतीपर्यंत या परवान्यातून सूट मिळते, पण ब्रिटिश इतिहासातल्या व्यक्तीचं चित्र असेल तर ही मर्यादा फक्त १०,००० पौंड. कुणी हरकत घेतली तर प्रकरण तज्ज्ञ समितीपुढे जातं आणि देशातल्या संग्रहालयांना पैसे उभे करायला मुदत मिळते. रेनॉल्ड्सने काढलेलं 'माई' नावाच्या तरुणाचं चित्र असंच थांबलं. २०२३ साली लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने ते मिळून पाच कोटी पौंडांना घेतलं. आमच्या काउंटेसला कुणी अडवलं नाही.

हो, आणि लिलावगृहाशी करार करताना कमिशनबरोबर फोटो, विमा, वाहतूक यांचे आकडे लेखी घ्या. चित्र विकलं गेलं नाही तर परत नेण्याचा खर्च कोणाचा, तेही त्यातच लिहून घ्या.