प्लिकारेची घडी: नोंदवहीतली प्रगती

लॅटिन क्रियापदांच्या तक्त्यात या खेपेला 'प्लिकारे'ची ओळ भरून झाली. मूळ अर्थ घडी घालणे, दुमडणे. लॅटिनपासून निघालेल्या भाषांपैकी फ्रेंच 'प्लिए' आणि इटालियन 'पिएगारे' यांनी तो जसाच्या तसा सांभाळलाय, म्हणून त्यांच्यावर फार वेळ घालवला नाही. इटालियनमध्ये घडी उलगडली की 'स्पिएगारे', म्हणजे समजावून सांगणे, एवढं टिपून पुढे गेलो.

खरी मजा दोन टोकांना आहे. स्पॅनिश 'येगार' म्हणजे पोहोचणे आणि रोमानियन 'प्लेका' म्हणजे निघणे. मूळ शब्द एकच!

आधी ध्वनींचा हिशेब लावला. शब्दारंभीच्या 'प्ल'चं स्पॅनिशमध्ये 'ल्य' होतं (आता बहुतेक ठिकाणी नुसता 'य' ऐकू येतो), पोर्तुगीजमध्ये 'च'. पाऊस हा लॅटिन 'प्लुविया' स्पॅनिशमध्ये 'युव्हिया', पोर्तुगीजमध्ये 'चुव्हा'. त्याच चालीने प्लिकारेचं पोर्तुगीजमध्ये 'चेगार' झालं. 'क्ल'चीही तीच गत: 'क्लाविस'चं स्पॅनिश 'याव्हे', पोर्तुगीज 'चाव्ह', आणि तीच आपली चावी. लिस्बनमध्ये आता या 'च'चा 'श' झालाय, तिथे 'शाव्ह' म्हणतात. आपल्या चावीत मात्र जुना 'च' शाबूत आहे. रोमानियनने 'प्ल'ला हातच लावला नाही. तिथे पाऊस 'प्लोआये', आणि 'तो निघतो' म्हणायचं तर 'प्लेआकं'.

आता अर्थ. सगळीकडे सांगितली जाणारी कथा अशी: पश्चिमेकडचे खलाशी किनाऱ्याला लागले की शिडं गुंडाळत, म्हणून 'पोहोचणे', पूर्वेकडचे सैनिक तळ हलवताना तंबू गुंडाळत, म्हणून 'निघणे'. कथा इतकी चपखल बसते की मला त्यामुळेच शंका येते. शिडांची तर गरजच नाही. लॅटिनमध्ये 'आप्लिकारे' हे क्रियापद जहाज किनाऱ्याला लावण्यासाठी वापरात होतंच, आणि त्यात भर लगत आणण्यावर आहे, कापडावर नाही. शिवाय चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची बाई सिनाईची यात्रा करून आली. तिच्या प्रवासवर्णनाची हस्तलिखित प्रत 1884 मध्ये इटलीतल्या अरेझो इथे सापडली. त्यात देवाच्या डोंगराजवळ जाण्यासाठी ती 'प्लिकारे'च वापरते. वाळवंटात कुठली आलीत शिडं? म्हणजे तोवर शब्द जमिनीवर उतरून चालू लागला होता.

पोर्तुगीजमध्ये 'लगत आणणे' अजून जिवंत आहे. 'जरा जवळ सरक' म्हणतानाही 'चेगार'च. आणि पुरे झालं की नुसतं 'चेगा!' (लिस्बनच्या तोंडी 'शेगा!') म्हणून हात वर करायचा.

रोमानियनचा तंबू मी पेन्सिलीनेच लिहिलाय, शाई नाही. तिथे वाकणे, झुकणे या अर्थाचं 'आप्लेका' सुद्धा आहे, त्यामुळे 'एका दिशेला कलला, तिकडे निघाला' हीही वाट मोकळी राहते. अर्थात गाशा गुंडाळणाऱ्या मराठी माणसाला तंबूचं स्पष्टीकरण लगेच पटणार, आणि नेमकं म्हणूनच मी जपून आहे. कॅटलान (स्पेनमधल्या कॅटलोनियाची भाषा) 'प्लेगार'ने मात्र माझा तोल थोडा घडी गुंडाळण्याच्या बाजूला झुकवला. त्यात घडी घालणेही आहे आणि दिवसाचं काम आटोपून सुटणेही. 'आ किना ओरा प्लेगेस?' म्हणजे 'किती वाजता सुटतोस?' घडी घालण्यातून निघण्याकडे जायला सैन्य लागतंच असं नाही, दुकानाचा पसाराही पुरतो.

कॅटलानला पोहोचण्यासाठी वेगळं 'अरिबा' आहे, फ्रेंच 'आरिव्हे'चं भावंड. दोघांच्याही पोटात 'रिपा', म्हणजे काठ. तक्त्यात त्याला शेजारचा रकाना दिलाय.

पुढची ओळ 'मेर्गेरे'ची. लॅटिनमध्ये बुडी मारणे, रोमानियन 'मेर्जे'मध्ये सरळ चालणे, जाणे. मधल्या पायऱ्यांचं एखादं जुनं उदाहरण कुणाच्या वाचनात आलं असेल तर जरूर कळवा.