तुम्ही विचारलंत म्हणून : शाळेतल्या आरोग्याशी विद्यापीठाचा काय संबंध?

शाळांमधल्या आरोग्य कार्यक्रमांविषयी बोलले की हा प्रश्न हमखास येतो : वयात येणाऱ्या मुलांना नर्स हवी, समुपदेशक हवा, वेळेवर तपासणी हवी, मग विद्यापीठांनी आदिवासी समाजांना संशोधनाच्या निर्णयात घ्यावं असा आग्रह तुम्ही का धरता?

कारण शाळेत येणारा कार्यक्रम आधी कुठेतरी ठरलेला असतो. मुलांना काय विचारायचं, कोणत्या उत्तराला धोका म्हणायचं, कोणता उपाय लागू पडला असं मानायचं, हे पुष्कळदा विद्यापीठातल्या संशोधनातून ठरतं. नर्सच्या हातातला फॉर्म तिथूनच आलेला असतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. मायकल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या आदिवासी तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. आदिवासी तरुणांमध्ये आत्महत्या जास्त, हे वाक्य तोवर सगळ्यांना पाठ होतं. या दोघांनी सरासरी बाजूला ठेवून एकेक समुदाय पाहिला. निम्म्याहून अधिक समुदायांत अभ्यासलेल्या पाच वर्षांत एकाही तरुणाने जीव दिलेला नव्हता! मग त्यांनी सहा गोष्टी तपासल्या : स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक कामासाठी हक्काची जागा. यातलं जितकं लोकांच्या स्वतःच्या हातात, तितक्या आत्महत्या कमी. सहाही गोष्टी होत्या तिथे शून्य. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण शाळा कोणाच्या हातात आहे हा मुलांच्या आरोग्याचाच प्रश्न आहे, असं मी तेव्हापासून मानते.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या संशोधनासाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. तेच नमुने पुढे त्यांच्या नकळत स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासात वापरले गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले, नमुने परत केले. हे ऐकलेली एखादी आई शाळेच्या तपासणीच्या संमतीपत्रावर सही करायला कचरली, तर तिच्यात जागृती नाही असं म्हणायचं का?

म्हणून समाजाला बोलवायचं ते संशोधनाचे प्रश्न ठरत असतानाच. अहवाल तयार झाल्यावर अभिप्रायासाठी बोलावणं मला पुरेसं वाटत नाही. जमा झालेली माहिती कोणाकडे राहील, हेही तेव्हाच ठरावं.

आणि इथे एक अडचण आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. समाज म्हणजे बहुधा वडीलधारे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची काळजी वेगळीच असते : लहानशा वस्तीत नर्स नात्यातली निघाली, तर पाळीबद्दल किंवा मनातल्या काळोखाबद्दल तिच्याशी बोलायचं कसं? वडीलधाऱ्यांनी होकार दिला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यामुळे त्या बैठकीत मुलंमुलीही हवीत. कोणती गोष्ट नर्सपाशीच राहील आणि कोणती घरी सांगावी लागेल हे त्यांच्यासमोर ठरावं, आणि नर्सने ते पहिल्याच भेटीत प्रत्येकाला सांगावं.