गर्भाशय काढण्याचा मार्ग निवडताना : माझा अनुभव

गर्भाशय काढावे लागणार हे स्वीकारायला मला जितका काळ लागला, त्याहून अधिक काळ ते कोणत्या मार्गाने काढावे हे ठरवण्यात गेला, आणि तो वेळ मी दिला याचे मला आजही समाधान आहे. माझे निदान अॅडिनोमायोसिसचे होते, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर त्याच्याच स्नायूत शिरून वाढले होते. शिवाय फायब्रॉइडच्या गाठी होत्या. गोळ्या घेऊन झाल्या, गर्भाशयात हार्मोनचे साधन बसवून झाले, तरी रक्तस्राव आटोक्यात येईना आणि हिमोग्लोबिन घसरतच राहिले.

सर्वांत आधी पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आणि अस्तराची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झाली. या तपासण्या केवळ औपचारिक नसतात, कारण कर्करोग निघाला तर मार्गांची सगळी तुलनाच बदलते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगात लहान छेदांतून केलेल्या मूलगामी शस्त्रक्रियेनंतर (यात गर्भाशयाबरोबर आजूबाजूच्या ऊतीही काढतात) आजार परतण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले होते. माझे दोन्ही अहवाल निर्दोष आले, म्हणून पुढचा विचार साध्या, कर्करोग नसलेल्या आजारापुरता करता आला.

पहिल्या सल्ल्यात डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि रोबोटिक शस्त्रक्रिया हाच सर्वांत आधुनिक पर्याय असल्याचे सांगितले. मला तपासले मात्र नाही. तेथून निघताना मनात एकच प्रश्न होता : गर्भाशय किती मोठे आहे, ते किती हलते, योनीमार्गात किती जागा आहे, हे हाताने पाहिल्याशिवाय मार्ग कसा ठरतो? म्हणून मी दुसरा सल्ला घेतला. तेथील डॉक्टर बाईंनी आधी आतून तपासणी केली आणि मग म्हणाल्या, “योनीमार्गातून का नको, याचे कारण मला आधी सापडले पाहिजे. ते सापडले, तरच बाकीच्या मार्गांकडे वळू.”

हे मला नवे होते. ज्याला बोलीत बिनटाक्याचे ऑपरेशन म्हणतात, ते योनीमार्गातून गर्भाशय काढणे हा लहान छेदांच्या सर्व मार्गांतला जुना मार्ग आहे आणि पोटावर त्याची एकही खूण राहत नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ४७ चाचण्या आणि ५,१०२ स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली गेली, आणि जेथे शक्य असेल तेथे योनीमार्गच श्रेयस्कर असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची शिफारसही तीच आहे. तो शक्य नसेल, तर पोट उघडण्यापेक्षा लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटावरच्या लहान छेदांतून दुर्बीण घालून केलेल्या शस्त्रक्रियेने, स्त्री लवकर कामाला लागते. पण त्याच आढाव्यात लॅप्रोस्कोपीत मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे मूत्र नेणाऱ्या नळीला) इजा होण्याचे प्रमाण अधिक असल्याची नोंद आहे. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते हे समजल्यावर ही इजा का होते, याचे उत्तर मला मिळाले.

रोबोटविषयीचे माझे कुतूहल तरीही शमले नव्हते. त्यात शस्त्रक्रिया यंत्र करत नाही. डॉक्टर थोड्या अंतरावर बसून उपकरणांचे हात चालवतात, त्यांना त्रिमितीय चित्र दिसते आणि उपकरणांची टोके मनगटासारखी वळतात. टाके घालताना किंवा अवघड चिकटलेले भाग सोडवताना याचा उपयोग आहेच. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कर्करोग नसलेल्या २,६४,७५८ स्त्रियांच्या नोंदींवरील अमेरिकी अभ्यासात रोबोटिक आणि साध्या लॅप्रोस्कोपीतील गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे निघाले, खर्च तेवढा रोबोटचा वाढला. जी डॉक्टर नेहमीच्या लॅप्रोस्कोपीत पारंगत आहे, तिच्या हातून माझ्यासारख्या रुग्णाला रोबोटमुळे वेगळे काही मिळेल, असे मला त्यात दिसले नाही. योनीमार्गातूनच दुर्बीण आत नेण्याची एक नवी पद्धतही आहे. ती आकर्षक वाटली, पण गर्भाशयाच्या मागची जागा चिकटलेली असल्याचा संशय असेल तर ती टाळतात, आणि माझी अडचण नेमकी तेथेच निघाली.

माझी आधी सिझेरियन झाली होती. तेवढ्यावरून योनीमार्ग बाद होत नाही, हे बाईंनी स्पष्ट केले. पण तपासताना गर्भाशय मागे रुतल्यासारखे होते, हलवले की कळ येत होती, आणि एमआरआयमध्ये गर्भाशय व मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग एकमेकांना चिकटल्याची चिन्हे होती. जे डोळ्यांना दिसत नाही ते खालून चाचपत सोडवण्यापेक्षा वरून पाहून सोडवणे सुरक्षित, या कारणाने आम्ही लॅप्रोस्कोपी निवडली. हे कारण मला स्वतःच्या शब्दांत दुसऱ्याला सांगता येत होते, म्हणूनच संमतिपत्रावर सही करताना मन स्थिर होते.

सहीपूर्वी मी काही गोष्टी आग्रहाने विचारल्या. अशा शस्त्रक्रिया आपण नियमित करता का? मूत्रवाहिनीची खात्री कशी कराल? गरज पडल्यास पोट उघडाल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोच ‘हो’ असे आले, आणि त्यानेच माझा विश्वास वाढला. गर्भाशय बाहेर कसे काढणार, हेही विचारले. कारण मोठे गर्भाशय पोटात यंत्राने बारीक केले आणि गाठीत न ओळखलेला सार्कोमा (एक प्रकारचा कर्करोग) असला तर तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये दिला होता. माझे गर्भाशय पिशवीत घेऊन योनीमार्गातून काढायचे ठरले. अंडाशये निरोगी असल्यास ठेवायची, बीजवाहिन्या मात्र काढायच्या, हेही तेव्हाच ठरले. अंडाशयाच्या कर्करोगाचे काही प्रकार बीजवाहिन्यांतून सुरू होतात आणि त्या काढल्याने अंडाशयांचे काम थांबत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या छेदांपेक्षा खांदा अधिक दुखला. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मध्यपटलाला (छाती व पोटामधल्या पडद्याला) होणारा त्रास खांद्यात जाणवतो, हे आधी सांगितलेले असल्याने घाबरायला झाले नाही, आणि चालायला लागल्यावर तो उतरला. छेद इवलेसे दिसतात म्हणून घरचे लोक ‘आता बरी झालीस’ असे म्हणू लागतात, पण योनीच्या वरच्या टोकाला आत टाके असतात आणि ते भरायला बाहेरच्या जखमेपेक्षा जास्त वेळ लागतो. हे टाके उसवण्याचा धोका योनीमार्गाच्या शस्त्रक्रियेपेक्षा लॅप्रोस्कोपी व रोबोटिकमध्ये अधिक असतो, म्हणून जड उचलणे आणि शरीरसंबंध यांवरचे निर्बंध मी अक्षरशः पाळले. पॅथॉलॉजीच्या अहवालात अॅडिनोमायोसिसच निघाले, आणि पुढच्या तपासणीत बाईंनी आतली जखम पूर्ण भरल्याचे पाहूनच ते निर्बंध उठवले.